स्पॅनिश राजवट आणि फिलिपिनो समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्चंट नेव्हीतले खलाशी आणि इंजिनिअर, आखातातल्या हॉस्पिटलांमधल्या नर्सेस, दुबई-सिंगापूरला फिलिपिनो शेजार लाभलेली कुटुंबं: हे प्रश्न बहुतेक अशाच वाचकांकडून येतात. सुरुवात नेहमी एखाद्या आडनावापासून किंवा देव्हाऱ्यातल्या मूर्तीपासून होते आणि गाडी थेट सोळाव्या शतकात जाते. तेच ते उत्तर पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून सगळं एका जागी आणलं आहे. आधी सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पेनने फिलिपीन्सवर नक्की किती वर्षं राज्य केलं? कुठे ३३३ लिहिलेलं असतं, कुठे ३७७.

३३३. लोक ३७७ म्हणतात तेव्हा ते १५२१ पासून मोजत असतात. त्या वर्षी मॅगेलन तिथे पोचला, सेबूच्या राजा हुमाबोनला त्याने बाप्तिस्मा देववला आणि लगेच २७ एप्रिलला शेजारच्या मक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांकडून मारला गेला. त्याला राज्य म्हणता येत नाही. खरी सुरुवात १५६५ ची. मिगेल लोपेझ दे लेगाझ्पीने त्या वर्षी सेबूला तळ ठोकला आणि १५७१ मध्ये मनिला राजधानी केली. शेवट १८९८ चा: १२ जूनला काविते प्रांतात कवित गावी फिलिपिनोंनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने तीच बेटं २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. ज्यांची बेटं त्यांना त्या टेबलाशी बसू दिलं नाही.

२. 'फिलिपिनो' हे नाव तरी त्यांचं स्वतःचं आहे का?

नाही. व्हियालोबोस नावाच्या स्पॅनिश दर्यावर्द्याने १५४३ च्या सुमारास सामार-लेयते भागाला युवराज फिलिपचं नाव दिलं. हाच पुढचा दुसरा फिलिप राजा. ते नाव पसरत जाऊन सगळ्या द्वीपसमूहाचं झालं. पण गंमत पुढे आहे. राजवटीचा बहुतेक काळ 'फिलिपिनो' म्हणजे त्या बेटांवर जन्मलेला गोरा स्पॅनिश. मूळ रहिवाशाला शब्द होता 'इंडियो', आणि तो उच्चारला जायचा हिणवण्याच्या सुरातच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या देशी तरुणांनी 'फिलिपिनो' हे नाव स्वतःकडे ओढून घेतलं. १८८९ मध्ये पॅरिसला होझे रिझाल हा देशी लेखक आणि त्याच्या मित्रांनी आपल्या मंडळाचं नाव ठेवलं 'इंडियोस ब्राव्होस', म्हणजे शूर इंडियो. शिवीचीच पदवी केली.

३. स्पॅनिश येण्याआधी तिथे नुसत्या रानटी टोळ्याच होत्या ना?

हे वाक्य मला इतक्या वेळा आलं आहे की उत्तर म्हणून मी आता एक पत्रा दाखवतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मनिलाजवळच्या लागुना प्रांतात नदीतली वाळू उपसताना तांब्याचा एक पातळ पत्रा सापडला, साधारण वहीच्या उघड्या पानाएवढा. वर कावी या जुन्या जावी लिपीत दहा ओळी आहेत. सुरुवात अशी: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००.

मराठी वाचकाला इथे भाषांतर लागत नाही. शके ८२२ वैशाख वद्य चतुर्थी, आपल्या पंचांगात असावी तशी तारीख. पुढे मजकूर जुन्या मलय भाषेत आहे, पण त्यात 'सेनापती', 'नायक', 'जयदेव' हे शब्द स्पष्ट ओळखू येतात. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज फिटलं, त्याच्या मुलांना आता कोणी धरू नये, असं 'शुद्धपत्र' मनिलाशेजारच्या तोंदोच्या अधिकाऱ्याने दिलं आहे. आपल्याकडे शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकामागची चुकांची यादी. तिथे तो ऋणमुक्तीचा कागद होता.

लेगाझ्पीच्या साडेसहाशे वर्षं आधी मनिलाच्या परिसरात कर्जाची नोंद, अधिकाऱ्यांची उतरंड आणि लेखी कागद होता. एकछत्री राज्य मात्र नव्हतं, आणि हा फरक पुढे फार महाग पडला (प्रश्न ५ पाहा). टागालोग या मनिला भागातल्या भाषेत आजही गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा, दिवाता म्हणजे देवता. हे शब्द जावा-मलयाच्या वाटेने आले. 'म्हणजे तिथे हिंदू राज्य होतं' असा निष्कर्ष कृपया काढू नका. शब्द आले, राजे आले नाहीत.

४. बरांगाय म्हणजे काय? त्यात उच्चनीच होतं का?

बरांगाय म्हणजे वस्ती. हा शब्द बलांगाय या होडीच्या नावावरून आला असं मानलं जातं: एका होडीतून आलेलं गणगोत म्हणजे एक बरांगाय. साधारण ३० ते १०० घरं आणि वर एक दातू, म्हणजे मुखिया.

उच्चनीच होतंच. दातूखालोखाल मोकळी माणसं असत. टागालोग भागात त्यांच्यातल्या लढणाऱ्यांना महारलिका म्हणत, इतर मोकळ्यांना तिमावा. सगळ्यात खाली आलिपिन. स्पॅनिशांनी आलिपिनचं भाषांतर सरळ 'गुलाम' केलं आणि तिथून घोटाळा सुरू झाला. 'नमामाहाय' आलिपिनला स्वतःचं घर, स्वतःची शेती असे, तो धन्याला पिकातला वाटा आणि ठराविक कामं देई. 'सगिगिलिद' आलिपिन मात्र धन्याच्या घरात राही आणि विकला जाऊ शके. कर्जात बुडाला की माणूस खाली जाई, फेडलं की वर येई. लागुनाच्या पत्र्यातली मुलं कशाला घाबरत होती, ते आता लक्षात येईल.

सुवर्णयुग नव्हतं. पण पायऱ्या चढता-उतरता येत होत्या.

५. मूठभर स्पॅनिशांनी एवढ्या बेटांवर राज्य केलं तरी कसं?

या पानावरचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. मेक्सिकोहून येणारं जहाज महिनोन्‌महिने समुद्रात, सैन्य थोडं, आणि बहुतेक स्पॅनिश मनिलाच्या तटबंदीबाहेर राहायला तयार नसत. प्रांतातल्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच गोरा माणूस पाहिला: तिथला पाद्री.

बाकी सगळा कारभार देशी हातांनी चालला. कर गोळा करणारा देशी, वेठीला माणसं लावणारा देशी, बंड मोडायला पाठवलेल्या तुकडीतले शिपाईही बहुतेक देशीच, फक्त दुसऱ्या भाषेचे. पांपांगा प्रांताचे सैनिक तर स्पॅनिशांचे ठरलेले भरवशाचे. एकछत्री राजा नव्हता, त्यामुळे एका लढाईत देश पडला नाही. पण बरांगाय एकेकटे असल्यामुळे एकेकटे वळवताही आले. मनिलाचा सुलयमान लढला, शेजारच्या तोंदोच्या लाकानदुलाने जुळवून घेतलं. दोघंही आपापल्या हिशेबाने वागले.

म्हणून 'स्पेनने फिलिपिनोंना असं केलं, तसं केलं' ही वाक्यरचना मला अपुरी वाटते. बरंच काही गावातल्याच मधल्या माणसाच्या हातून झालं. तो माणूस कोण, ते प्रश्न ७ मध्ये.

६. 'घंटेखाली' राहणं हा काय प्रकार होता?

'बाहो दे ला कांपाना', म्हणजे घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात. नदीकाठी, समुद्रकाठी, शेताजवळ विखुरलेली घरं उठवून चर्चभोवती आणायची, या धोरणाला 'रेदुक्सियोन' म्हणत. मधोमध चौक, एका बाजूला चर्च आणि पाद्र्याचा वाडा, दुसऱ्या बाजूला कचेरी, चौकालगत प्रतिष्ठितांची घरं, आणि जसजसं लांब जावं तसतशी बांबूची झोपडी. आजही फिलिपीन्समधल्या जुन्या गावात उतरलात तर हाच नकाशा दिसेल.

पाद्र्याच्या दृष्टीने सोय उघड होती: विखुरलेल्यांना प्रार्थना शिकवता येत नाही आणि मोजताही येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने शेत एकीकडे आणि घर दुसरीकडे. म्हणून लोकांनी मधला मार्ग काढला. रविवारी आणि सणाला चौकात, एरवी शेतावरच्या खोपटात. काही जण कायमचे डोंगरात निघून गेले. त्यांना 'रेमोंतादो' म्हणत. कर टाळण्याचा हा सर्वांत जुना उपाय, आणि तो तीन शतकं चालला.

७. मग जुन्या दातूंचं काय झालं?

दातूचा 'काबेसा दे बरांगाय' झाला, म्हणजे आपल्या पन्नासेक घरांचा कर गोळा करून देणारा. त्यांच्यातून गावचा 'गोबेर्नादोरसियो' निवडला जाई. या सगळ्या वर्गाला 'प्रिन्सिपालिया' म्हणत. नावाआधी 'दोन' लावता येई, चर्चमध्ये पुढचा बाक मिळे, आणि कर व वेठ दोन्ही माफ.

पण पूर्वी दातूचा मान त्याच्या पराक्रमावर आणि माणसं सांभाळण्याच्या ऐपतीवर टिकायचा. लोक नाराज झाले तर दुसऱ्या दातूकडे जात. आता त्याची खुर्ची वरून आली, माणसं कराच्या यादीत नावानिशी बांधली गेली. वसुलीत तूट आली तर काबेसाला ती खिशातून भरावी लागे. काही काबेसा त्यापायी बुडाले. बाकीच्यांनी ती तूट खालच्यांकडून दामदुपटीने वसूल केली. फिलिपीन्समध्ये जी घराणी आज राजकारणात दिसतात त्यातल्या अनेकांची मुळं या वर्गात, किंवा एकोणिसाव्या शतकात वर आलेल्या चिनी-मिश्र व्यापारी घराण्यांत सापडतात.

८. कर किती होता? एन्कोमिएंदा म्हणजे जहागिरी का?

जवळपास, पण जमिनीची नव्हे. एन्कोमिएंदा म्हणजे ठराविक लोकांकडून कर घेण्याचा हक्क. बदल्यात धन्याने त्यांचं रक्षण करायचं आणि धर्मशिक्षणाची सोय करायची, असं कागदावर. सोळाव्या शतकातच पाद्र्यांनी या मंडळींच्या जुलमाविरुद्ध राजाला पत्रं लिहिली. मनिलाचा पहिला बिशप दोमिंगो दे सालाझार त्यात पुढे होता.

कर कुटुंबामागे आधी ८ रेआल (चांदीची नाणी), १५८९ पासून १०. नवरा-बायको मिळून एक 'त्रिबुतो', अविवाहिताचा अर्धा. भात, कापड, कोंबडी अशा रूपातही देता येई, आणि भाव ठरवणारा घेणारा असल्याने खरी लूट तिथेच व्हायची. याशिवाय 'बांदाला': सरकारने ठरवलेल्या भावाने, ठरवलेला माल सक्तीने विकायचा, आणि पैसे बहुधा उधारीवर. १८८४ मध्ये त्रिबुतो गेला आणि 'सेदुला' नावाचा व्यक्तिगत कराचा दाखला आला. स्पेनविरुद्धच्या १८९६ च्या उठावाच्या आरंभी क्रांतिकारकांनी फाडला तो हाच कागद.

९. वेठबिगार किती दिवस करावी लागे?

'पोलो' म्हणत तिला. १६ ते ६० वयाच्या पुरुषाला वर्षाला ४० दिवस. १८८४ मध्ये ते १५ वर आणले. पैसे भरून सुटता येई, त्या रकमेला 'फाया' म्हणत. म्हणजे वेठ शेवटी ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याच वाट्याला.

रस्ते, पूल, चर्च हे सगळं यातूनच उभं राहिलं, पण सर्वांत वाईट काम गॅलियन जहाजांचं, म्हणजे मेक्सिकोशी व्यापार करणाऱ्या मोठ्या जहाजांचं. डोंगरातलं कठीण लाकूड तोडायचं, माणसांनीच ओढत किनाऱ्याला आणायचं, मग काविते बंदरात जहाज बांधायचं. नियमाने मजुरी आणि तांदूळ मिळायला हवा. तो अनेकदा गावालाच पुरवावा लागे, आणि मजुरी थकत जाई. नांगरणीच्या दिवसांत माणूस जंगलात गेला की घरचं भात गेलंच. १६४९ मध्ये सामारच्या लोकांना थेट कावितेला पाठवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा पालापाग गावी सुमुरोयने उठाव केला. १६६० मध्ये पांपांगाचे लाकूडतोडे मानियागोच्या मागे उभे राहिले. मागणी साधी होती: थकलेले पैसे द्या. प्रश्न ५ मध्ये ज्यांना भरवशाचे म्हटलं, तेच हे पांपांगाचे लोक.

१०. सगळे ख्रिस्ती झाले ते तलवारीच्या धाकाने का?

धाक होता, पण तेवढ्याने तीन शतकं टिकणारी भक्ती उभी राहत नाही. पाद्र्यांनी स्थानिक भाषा शिकल्या, त्यांची व्याकरणं आणि कोश लिहिले. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि रेकोलेक्ट अशा पाच पंथांनी प्रदेश वाटून घेतले होते.

लोकांनीही जे घेतलं ते आपल्या पद्धतीने घेतलं. सेबूतल्या सान्तो निन्योचं पाहा. बाळ येशूची ही मूर्ती मॅगेलनने १५२१ मध्ये हुमाबोनच्या राणीला दिली. पुढे चव्वेचाळीस वर्षं एकही पाद्री तिथे फिरकला नाही. १५६५ मध्ये लेगाझ्पीच्या माणसांनी सेबू जाळलं, आणि जळक्या घरात एका खलाशाला पेटीत जपून ठेवलेली तीच मूर्ती सापडली. स्पॅनिशांना तो चमत्कार वाटला. माझ्या मते चमत्कार एवढाच की कोणीतरी तिला आपल्या अनितोंमध्ये, म्हणजे पूर्वजांच्या आणि देवतांच्या मूर्तींमध्ये, जागा दिली होती. ती मूर्ती आजही सेबूच्या बॅसिलिकात आहे आणि जानेवारीत तिच्यासमोर रस्ते भरून लोक नाचतात.

तसंच 'पास्योन'चं. ख्रिस्ताच्या यातनांची ही पद्यकथा पवित्र सप्ताहात घरोघरी रात्रभर गायली जाते. पाद्र्यांनी ती दिली सहनशीलता शिकवायला. ऐकणाऱ्यांनी त्यातून गरिबाघरी जन्मून सत्तेपुढे उभा राहणारा माणूस उचलला.

११. बाबायलान कोण? स्त्रियांचं स्थान खरंच घसरलं का?

हो, आणि ते मोजता येण्यासारखं आहे. बाबायलान (टागालोगमध्ये काटालोनान) म्हणजे अंगात येणारी, आजार बरे करणारी, पेरणी-कापणीचे विधी करणारी पुरोहिता. बहुतेक स्त्रियाच असत. पुरुष असला तर तो बहुधा स्त्रीवेशात. नव्या धर्मात ती 'चेटकीण' ठरली. तिची पूजेची भांडी आणि मूर्ती जाळल्या गेल्या, बहुतेकदा चर्चमध्ये शिकणाऱ्या गावातल्याच पोरांच्या हातून.

पूर्वी लग्नात वराकडून वधूपक्षाला देणं असे, मुलीला वारसा मिळे आणि काडीमोड दोघांनाही घेता येई. स्पॅनिश कायद्यात घटस्फोट संपला. (आजही फिलिपीन्समध्ये मुस्लिम नागरिकांसाठीचा अपवाद सोडला तर घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नाही.) गावची पदं फक्त पुरुषांना. घरच्या पैशाची किल्ली मात्र बाईच्याच कमरेला राहिली, ती कोणत्याही हुकूमनाम्याने सुटली नाही.

१२. पाद्र्यांनी त्यांची लिपी जाळून टाकली म्हणतात. खरं आहे?

अर्धवट. मूर्ती जाळल्या हे खरं. पण बायबायिन लिपी मारायला कोणी निघालं नव्हतं, उलट १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एक, 'दोक्त्रिना क्रिस्तियाना', त्यात टागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन दोन्हींत आहे.

बायबायिन ही ब्राह्मीच्याच घराण्यातली. मूळ अक्षरात 'अ' धरलेला, वर खूण केली की इ/ए, खाली केली की उ/ओ. म्हणजे आपली वेलांटी आणि उकारच. फक्त एक गोष्ट नव्हती: पाय मोडण्याची सोय. 'बुंदोक' लिहायचं तर 'बुदो' एवढंच लिहायचं, बाकी वाचणाऱ्याने ओळखायचं. टागालोग माणसाला ते जमे, पाद्र्याला जमेना. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्याने अक्षराखाली क्रुसाची खूण सुचवली. आपल्या भाषेत सांगायचं तर हलन्त. लोकांनी नम्रपणे दाद दिली आणि वापरली नाही. पुढे करार, खटले, कराच्या याद्या सगळं रोमनमध्ये होत गेलं, आणि लिपी जाळून नव्हे तर कामाविना गेली. मिंदोरोचे मांग्यान आणि पालावानचे टागबानवा यांच्याकडे तिच्या बहिणी अजून जिवंत आहेत.

१३. ३३३ वर्षांनंतरही ते स्पॅनिश का बोलत नाहीत?

कारण शिकवलंच नाही. मेक्सिकोत स्पॅनिश वसाहतवाले मोठ्या संख्येने स्थायिक झाले, इथे नाही. पाद्र्यांना स्थानिक भाषा येत होती आणि मधला दुभाषा आपणच असावा, यात त्यांचा फायदा होता. प्रत्येक गावात शाळा काढण्याचा राजाचा हुकूम निघाला थेट १८६३ मध्ये. शब्द मात्र भरपूर शिरले: साबोन म्हणजे साबण, सापातोस म्हणजे जोडे. आपला साबण आणि आपल्या सपाता पोर्तुगीजांकडून आल्या, म्हणून कानाला ओळखीचे वाटतात. अपवाद दक्षिणेतल्या झाम्बोआंगा शहराचा: तिथली चावाकानो ही स्पॅनिशपासून घडलेली मिश्रभाषा आजही घरात बोलली जाते.

१४. माझ्या जहाजावरचा बोसन गार्सिया, कुक रेयेस. हे स्पॅनिश वंशाचे आहेत का?

बहुधा नाहीत. २१ नोव्हेंबर १८४९ ला गव्हर्नर नार्सिसो क्लाव्हेरियाने आडनावांचा हुकूम काढला. तोवर सख्ख्या भावांची आडनावं वेगळी, आणि अर्धं गाव 'दे ला क्रूस' नाहीतर 'दे लोस सान्तोस'. करवसुली करणाऱ्यांची त्रेधा. मग आडनावांची छापील वर्णानुक्रमी यादी सगळ्या प्रांतांत पाठवली आणि तिची पानं गावोगाव वाटली. काही ठिकाणी एका गावाला एकाच अक्षराची पानं मिळाली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच 'र'ची आडनावं एवढी. जुनं आडनाव चार पिढ्या चालवलेल्या घराण्यांना ते ठेवता आलं. यादीत देशी शब्दही होते, त्यामुळे देशी वाटणारं आडनावसुद्धा कधीकधी त्याच यादीतून आलेलं असतं.

गोव्याशी तुलना करणाऱ्यांसाठी: तिथली पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी, बहुधा धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून आली. फिलिपीन्समधली बरीचशी धर्मांतरानंतर अडीचशे वर्षांनी, कचेरीतून.

१५. मनिला गॅलियनच्या व्यापाराचा देशी लोकांना काही फायदा झाला का?

पैशाचा फारसा नाही. १५६५ ते १८१५ मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये जहाजं चालली. चिनी रेशीम तिकडे, चांदी इकडे. नफा मनिलातल्या स्पॅनिशांना आणि चिनी व्यापाऱ्यांना, लाकूड ओढण्याचं काम देशी माणसांना (प्रश्न ९). शेती वाढवण्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सरकारी लक्ष तिकडे वळलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेही १७८२ च्या तंबाखू मक्तेदारीच्या रूपात. कागायान खोऱ्यातल्या शेतकऱ्याला स्वतः पिकवलेली विडी ओढायचीही चोरी झाली.

ताटात मात्र फरक पडला. मका, रताळं, कोको, पपई, पेरू, अननस, आणि चिकू, ज्याला तिथेही 'चिको'च म्हणतात. उलट दिशेला आंबा गेला. मेक्सिकोत एका जातीच्या आंब्याचं नावच 'मनिला' आहे. जहाजावरून पळालेल्या फिलिपिनो खलाशांनी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर माडी काढायला शिकवलं, तिला तिथे आजही टागालोग शब्दानेच 'तुबा' म्हणतात.

१६. पाद्र्यांवर एवढा राग का? ते तर भाषा शिकले, जुलमाविरुद्ध लिहिलं.

जमिनीमुळे. सुरुवातीच्या देणग्या, खरेदी, गहाण आणि सरकलेल्या हद्दी यातून मनिलाभोवतीच्या प्रांतांत पंथांच्या प्रचंड हासिएन्दा, म्हणजे जमीनदाऱ्या, उभ्या राहिल्या. जमीन पंथाची, खंडाने घेणारा 'इंकिलिनो', आणि त्याच्याकडून वाट्याने कसणारा 'कासामा'. कूळ आणि पोटकूळ म्हणा. १७४५ मध्ये बातांगास, लागुना, काविते, बुलाकान या भागांत याच कारणाने उठाव झाले. रिझालचं कुटुंब कालाम्बाला डोमिनिकनांचं इंकिलिनो. खंडाचा वाद चिघळला आणि १८९०-९१ मध्ये त्यांच्यासह अनेक कुटुंबांना घरांतून बाहेर काढलं. अमेरिकनांनी १९०३ मध्ये पंथांच्या सुमारे ४ लाख एकर जमिनी विकत घेतल्या, पण त्यातला मोठा भाग कासामाच्या हाती गेलाच नाही.

सुरुवातीचा पाद्री आणि एकोणिसाव्या शतकातला पाद्री ही एकच व्यक्ती समजू नका, एवढंच माझं म्हणणं.

१७. लोक तीनशे वर्षं गप्प बसले का?

दर पिढीला काही ना काही झालं. प्रश्न ९ आणि १६ मध्ये काही आलं आहे. सर्वांत लांबलेलं बोहोल बेटावरचं. १७४४ च्या सुमारास फ्रान्सिस्को दागोहोयच्या भावाला चर्चच्या जमिनीत पुरायला पाद्र्याने नकार दिला, कारण तो द्वंद्वात मेला होता. पाद्र्याच्या हुकमावरून एका पळपुट्याला पकडायला गेला असतानाच ते द्वंद्व झालं होतं. एका प्रेतावरून सुरू झालेला तंटा १८२९ पर्यंत, ८५ वर्षं चालला. दागोहोय मेल्यावरही डोंगरात वेगळी वस्ती चालूच राहिली.

१८४१ चा हेर्मानो पुले वेगळाच. त्याने बंड मागितलं नव्हतं, देशी लोकांच्या भजनी मंडळाला मान्यता मागितली होती. चर्चने नाकारली, सरकारने सैन्य पाठवलं, त्याला गोळ्या घातल्या. देशी माणूस भक्त असलेला चालेल, पण आपलं मंडळ आपण चालवणारा नको. १८७२ मध्ये हेच पुन्हा: गोमेस, बुर्गोस आणि सामोरा हे तीन पाद्री. देशात जन्मलेल्या पाद्र्यांना चर्चमध्ये बरोबरीची जागा हवी म्हणून बोलणारे. कावितेच्या शस्त्रागारातल्या बंडाशी जोडून १७ फेब्रुवारीला त्यांना गळा आवळून मारलं. रिझाल तेव्हा अकरा वर्षांच्या आतला. त्याने १८९१ ची आपली दुसरी कादंबरी या तिघांना अर्पण केली, आणि ३० डिसेंबर १८९६ ला तोही गोळीबार पथकापुढे उभा होता.

१८. सगळीच बेटं जिंकली होती का?

नाही. दक्षिणेतल्या सुलू आणि मागिंदानाओच्या मुसलमान सुलतानांनी शेवटपर्यंत पूर्ण ताबा मिळू दिला नाही. सुलूची राजधानी होलो स्पॅनिशांना टिकवून धरता आलं ते १८७६ नंतर. त्या लोकांना 'मोरो' म्हटलं गेलं, स्पेनमधल्या मुसलमानांसाठीचा जुना शब्द. सुलूच्या छापेमारांनी व्हिसायातून, म्हणजे मधल्या बेटांवरून, हजारो माणसं गुलाम म्हणून नेली, किनाऱ्यावरचे दगडी टेहळणी बुरूज त्याचीच आठवण. म्हणून 'मोरो म्हणजे स्वातंत्र्यवीर' हे वाक्य व्हिसायाच्या माणसासमोर जपून वापरा.

उत्तरेत लुझोनच्या कोर्दियेरा डोंगरातही सत्ता विरळच. तिथल्या इफुगाओंच्या भातखाचरांना 'दोन हजार वर्षं जुनी' म्हणण्याची पद्धत आहे. अलीकडच्या उत्खननांवरून काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात की त्या भागात पाण्यातली भातशेती वाढली ती १६५० च्या आसपास, खालून स्पॅनिशांमुळे लोक वर सरकले तेव्हा. हे खरं असेल तर ती खाचरं वसाहतीला दिलेलं उत्तर ठरतं. वाद मिटलेला नाही, पण मला हा विचार पटतो.

१९. आपल्याकडचा काही थेट संबंध आहे का?

आहे, वसईचा. गोन्सालो गार्सिया पोर्तुगीज वसईत १५५० च्या दशकात जन्मले, तरुणपणी जपानला गेले आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन पंथात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी येत असल्यामुळे १५९३ मध्ये मनिलाहून जपानला गेलेल्या शिष्टाईत दुभाषे म्हणून त्यांना नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. वसईकरांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या नावाचं चर्च आणि कॉलेज तिथे आहेच.

१५८० ते १६४० गोवा आणि मनिला एकाच राजाखाली होते, पण कारभार वेगळा ठेवला होता. आणि १७६२ मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतली ती मद्रासहून नेलेल्या फौजेच्या बळावर. त्यातले काही शिपाई परतलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइन्ता गावात त्यांचे वंशज सांगितले जातात.

२०. जुन्या स्पॅनिश कागदांतल्या तारखा एक दिवसाने का चुकतात?

चुकत नाहीत. स्पॅनिश मेक्सिकोहून पश्चिमेकडे जात आले आणि पोर्तुगीज गोव्याकडून पूर्वेकडे. त्यामुळे पोर्तुगीजांच्या मकावमध्ये सोमवार असताना मनिलात रविवार असे, आणि कारभार मेक्सिकोमार्फत चालत असेपर्यंत कोणाचं अडलं नाही. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर व्यापार चीन-युरोपशी वाढला आणि तारखा खुपायला लागल्या. मग प्रश्न १४ मधल्या त्याच क्लाव्हेरियाने १८४४ मध्ये हुकूम काढला: सोमवार ३० डिसेंबरनंतर थेट बुधवार, १ जानेवारी १८४५. मनिलाच्या दप्तरात ३१ डिसेंबर १८४४ चा जन्म, लग्न किंवा मृत्यू कोणी दाखवला, तर कागद पुन्हा एकदा तपासून घ्या.